उमेदवारांची छाननी आणि संपर्क: यंत्राकडे आधी काय सोपवायचं?

"रिक्रूटमेंट ऑटोमेट करायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र आलेली असतात. आलेल्या अर्जांतून कोणाला पुढे न्यायचं हे ठरवणं हे एक. पुढे नेलेल्यांशी, आणि न नेलेल्यांशीही, बोलत राहणं हे दुसरं. विक्रेते दोन्ही एकाच डेमोत दाखवून मोकळे होतात, पण दोन्हींतली जोखीम सारखी नाही. चुकीचा मेल गेला तर उमेदवार त्याच दिवशी फोन करून विचारतो. चांगला उमेदवार छाननीत गळला तर कोणाचाच फोन येत नाही, कारण तो तुमच्या नजरेसमोर आलेलाच नसतो. म्हणून माझं मत असं की संपर्काचं काम लवकर आणि बिनधास्त सोपवावं, छाननीचं मात्र हात राखून. खालची तुलना याच बाजूने झुकलेली आहे.

स्प्रेडशीट की जोडकाम?

एका वेळी मोजक्याच जागा भरायच्या असतील तर स्प्रेडशीट आणि मेल मर्ज पुरतात. टप्पा, शेवटचा संपर्क, पुढचा फॉलो-अप, नोटीस पिरियड, अपेक्षित पगार एवढे रकाने नीट भरले तरी बरंच काम होतं. दोन रिक्रूटर एकाच शीटवर काम करू लागले की घोळ सुरू होतो. एकाच माणसाने दोन पदांसाठी अर्ज केला की त्याच्या दोन ओळी होतात आणि त्याला दोघांकडून दोन वेगळी उत्तरं जातात.

यापुढची पायरी म्हणजे झॅपियर, मेक किंवा एनएटएन (n8n) ही ॲप्स जोडणारी साधनं वापरून फॉर्म, शीट, मेल आणि कॅलेंडर एकमेकांना जोडणं. हातांनी कॉपी-पेस्ट करण्याचं काम जवळपास संपतं. तिघांत निवडताना बिलाची पद्धत पाहा: झॅपियर प्रत्येक यशस्वी कृती मोजतो, तर एनएटएनच्या क्लाउड सेवेत अख्खा वर्कफ्लो (जोडलेल्या पायऱ्यांची साखळी) एकदा चालला की एक धरला जातो. पायऱ्या जास्त असतील तर हा फरक मोठा होतो. एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतो, त्यामुळे उमेदवारांची माहिती बाहेर न्यायची नसेल तर तो सोयीचा. या तिन्हींचं दुखणं मात्र एकच. कोणीतरी शीटमधल्या रकान्याचं नाव बदलतं, साखळी तुटते आणि ते कळायला आठवडा जातो. बिघाड झाला की सूचना यायलाच हवी, आणि साखळी कशी बांधली आहे हे बांधणाऱ्याखेरीज आणखी एकाला तरी माहीत हवं.

एटीएस की सीआरएम?

ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण रचना वेगळी आहे. एटीएस (ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम, म्हणजे अर्जांचा माग ठेवणारं साधन) पदाभोवती फिरतो: जागा निघाली, अर्ज आले, टप्पे पार पडले, जागा बंद झाली. ग्रीनहाउस, वर्केबल, झोहो रिक्रूट हे या घरातले. ओपनकॅट्स हा मुक्त स्रोत पर्यायही आहे. सीआरएम (कँडिडेट रिलेशनशिप मॅनेजमेंट, म्हणजे उमेदवारांशी नातं सांभाळणारं साधन) माणसाभोवती फिरतो. ज्याने अजून अर्जच केलेला नाही, पण पुढे कधी तरी उपयोगी पडेल, त्याच्याशी नातं टिकवायचं त्याचं काम. जेम आणि बीमरी ही त्यातली नावं. एजन्सींसाठीच्या बुलहॉर्नसारख्या साधनांत दोन्ही एकत्र असतं, कारण एजन्सीला उमेदवाराइतकाच क्लायंटही सांभाळायचा असतो.

निवड करताना एवढंच विचारा: तुमचे उमेदवार येतात, की तुम्हाला शोधावे लागतात? जाहिरात टाकली की अर्जांचा ढीग पडत असेल तर एटीएस. दुर्मीळ कौशल्याच्या लोकांमागे तुम्हीच लागत असाल तर सीआरएम. दोन्ही घेऊन एक रिकामं ठेवणं हा सर्वांत महागडा पर्याय, आणि तो बरेचजण निवडतात.

छाननी: नियम की क्रमवारी?

छाननीच्या ऑटोमेशनचेही दोन प्रकार. पहिल्यात हो-नाही प्रश्न असतात: आवश्यक परवाना आहे का, रात्रपाळी चालेल का. दुसऱ्यात सॉफ्टवेअर बायोडाटा वाचून गुण देतं आणि क्रम लावतं.

पहिला प्रकार साधा, म्हणून निर्धोक वाटतो. तसा तो नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांच्या 2021 च्या अभ्यासात 88 टक्के कंपन्यांनी मान्य केलं, की उच्च कौशल्याचे पात्र उमेदवारही निव्वळ निकषांशी तंतोतंत न जुळल्यामुळे गाळले जातात. नोकरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला की अर्ज बाद, असा नियम अनेकांनी लावून ठेवला होता. आजारपण असो की बाळंतपण, यंत्राला सगळं सारखंच. 2023 मध्ये ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या आयट्यूटरग्रुपने अमेरिकेतला खटला 3,65,000 डॉलर देऊन मिटवला. त्यात आरोप होता की त्यांचं सॉफ्टवेअर 55 किंवा त्याहून जास्त वयाच्या स्त्रिया आणि 60 किंवा त्याहून जास्त वयाचे पुरुष यांचे अर्ज आपोआप नाकारत होतं. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. वयाची एक अट पुरते. म्हणून ज्यावाचून ते काम करताच येणार नाही, तेवढ्याच गोष्टींवर आपोआप नकार लावा.

गुण देणाऱ्या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण ॲमेझॉनचं. जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवर शिकवलेलं त्यांचं प्रायोगिक मॉडेल स्त्रियांच्या संस्थांचा उल्लेख असलेल्या बायोडाट्यांना कमी गुण देऊ लागलं. 2018 मध्ये ही बातमी बाहेर आली तेव्हा प्रकल्प बंदही झाला होता. कायदेही मागोमाग आले. न्यूयॉर्क शहरात जुलै 2023 पासून अशी साधनं पक्षपात करतात का याचं दरवर्षी ऑडिट लागतं, तर युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्यात नोकरभरतीची अशी साधनं उच्च जोखमीच्या वर्गात आहेत.

त्यात आता उमेदवारही जाहिरात समोर ठेवून एआयकडून बायोडाटा लिहून घेतात. शब्द जुळवून गुण देणाऱ्या साधनाला मग सगळेच उत्कृष्ट दिसतात. दोन रकान्यांचा किंवा स्कॅन केलेला बायोडाटा पार्सरला (त्यातली माहिती उचलून रकान्यांत भरणाऱ्या सॉफ्टवेअरला) नीट वाचता आला नाही तर तो अर्ज तळाला जातो, तो वेगळाच ताप.

तरीही अर्ज हजारोंनी येत असतील तर क्रमवारी घ्या, पण ती वाचण्याचा क्रम म्हणून, नकार म्हणून नव्हे. तळातले काही अर्ज कोणतेही उचलून स्वतः वाचत जा. अमेरिकेत 1978 पासून चालत आलेली चार-पंचमांशाची चाचणी साध्या शीटवरही करता येते: शंभर पुरुषांतले 50 पुढे जात असतील आणि शंभर स्त्रियांतल्या 40 पेक्षा कमी, तर निकष तपासायची वेळ आली.

संपर्क: इथे हात सैल सोडा

अर्ज मिळाल्याची पोच, मुलाखतीची वेळ उमेदवारानेच निवडायची लिंक, आदल्या दिवशीची आठवण. ही तीन कामं आपोआप झाली की रिक्रूटरचा सर्वाधिक वेळ वाचतो. छाननीत नाकारलेल्यांना नकाराचा मेलही आपोआप जाऊ द्या, पण दिवसभर थांबून. अर्ज केल्यावर दोन मिनिटांत, तेही मध्यरात्री आलेला नकार वाचून कोणालाही कळतं की आपला अर्ज कोणी उघडलेला नाही. मुलाखतीनंतरचा नकार माणसानेच कळवावा.

मेल की व्हॉट्सॲप? लेखी नोंद हवी असलेलं सगळं मेलवर. मात्र जीमेलच्या पत्त्यांवर रोज 5,000 च्या वर मेल जात असतील तर फेब्रुवारी 2024 पासून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरोखर तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या तिन्ही व्यवस्था लागतात आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. व्हॉट्सॲपच्या बिझनेस सेवेत उमेदवाराच्या शेवटच्या मेसेजनंतर 24 तास मोकळेपणाने लिहिता येतं. त्यानंतर फक्त आधी मंजूर झालेला टेम्प्लेट. म्हणजे मुलाखतीच्या दिवसाच्या आठवणीसाठी ते उत्तम, लांबच्या संभाषणासाठी अडचणीचं.

डेमोत एक गोष्ट मुद्दाम करून पाहा. मेलची मालिका चालू असताना उमेदवार म्हणून व्हॉट्सॲपवर उत्तर द्या. तरीही पुढचा "आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत" असा मेल आला, तर दोन्ही माध्यमं फक्त एका पडद्यावर दिसतात, आतून जोडलेली नाहीत. दुसरी चाचणी छाननीची: पूर्वी घेतलेल्या आणि पुढे उत्तम काम केलेल्या लोकांचे मूळ बायोडाटे, त्यांच्या परवानगीने, आत टाका आणि साधन त्यांना कुठल्या क्रमावर ठेवतं ते पाहा. तिसरी, एक्सपोर्ट, म्हणजे साठलेली माहिती बाहेर काढून घेणं. फाइलमध्ये फक्त नावं आणि फोन नंबर येत असतील, आणि नोंदी, मेल, टप्प्यांच्या तारखा मागेच राहत असतील, तर करारावर सही करू नका.