पिसांकीचा संच : अवजारं पैकीच्या पैकी, माहितीपत्रक काठावर पास

निकाल वरच लिहून टाकला, कारण सगळं वाचायला सवड नसते हे मला ठाऊक आहे. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे गुण देण्याची खोड जात नाही.

सध्या मुक्काम लेकीकडे, कॅनडात एडमंटनला. वसंतसंपात इथे फक्त कॅलेंडरवर होतो. अंगणातला बर्फ जागचा हलत नाही. इथल्या आल्बर्टा प्रांतात युक्रेनी लोक १८९०च्या दशकापासून वस्ती करून आहेत, म्हणून या दिवसांत पिसांकीचं सामान सहज मिळतं. पिसांकी म्हणजे मेणाने नक्षी काढून एकेका रंगात बुडवत नेलेलं अंडं. हल्ली ते ईस्टरचं समजतात, पण त्यावरचा सूर्य, हरणं, नागमोडी रेघा ही सगळी मंडळी जुनी. ९८८ साली कीव्हच्या राजाने ख्रिस्ती धर्म घेतला, त्याच्याही आधीची. हिवाळा हटून सूर्य परत येतो त्याचा हा सण. अंडं म्हणजे नव्याने जन्माला येणारं जग आणि आतला पिवळा बलक म्हणजे सूर्य.

अंडी म्हटल्यावर आमच्या हिने स्वयंपाकघराची हद्द आखून दिली. तळघरातल्या टेबलावर काय तो धुडगूस घाला, म्हणाली.

तीस डॉलरच्या आतल्या या खोक्यात तीन किस्तका, मधमाश्यांच्या मेणाची वडी, मेणबत्ती, रंगाच्या पुड्या आणि नमुन्यांचा कागद मिळतो. अंडी आपली आपण आणायची. किस्तका म्हणजे लाकडी दांडीच्या टोकाला तारेने आवळलेलं चिमुकलं पितळी नरसाळं. ते ज्योतीवर तापवायचं, वडीवर घासून मेण आत घ्यायचं आणि अंड्यावर रेघ ओढायची. काजळीने मेण काळं होतं, त्यामुळे पांढऱ्या कवचावर रेघ स्वच्छ दिसते. हात टेकवून स्थिर ठेवायचा, फिरवायचं ते अंडं. बारीक टोकाची किस्तका इतकी एकसारखी चालते की इंटरमिजिएटच्या पोरांच्या हातात द्यावीशी वाटली. जाड टोकाची मात्र आधी थेंब टाकते, म्हणून पहिली रेघ रद्दी कागदावर ओढून घ्यावी. मेण एकदा बसलं की खोडरबर नाही.

रंगांना शंभरपैकी पंचाण्णव. ज्यांनी बाटिक केलंय त्यांना क्रम सांगायला नको : जे पांढरं राहायला हवं ते आधी मेणाने झाकायचं, मग अंडं पिवळ्यात. पिवळं राखायचं ते झाकायचं, मग नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. पुडी उकळत्या पाण्यात घालून निववायची आणि चमचाभर व्हिनेगर घालायचं. नारिंगीत मात्र व्हिनेगर चालत नाही. ही सूचना पुडीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलीय, तेवढे पाच गुण कापले. हे रंग खायचे नव्हेत, तेव्हा अंडंही नंतर खायचं नाही. हात साबणाने धुऊनच बसा. बोटाचं तेल लागलं की तेवढ्या जागी रंग धरत नाही.

काळ्यातून बाहेर काढलेलं अंडं म्हणजे डांबराचा गोळा. ते ज्योतीच्या वर नाही, बाजूला धरायचं. वर धरलं की काजळी बसते. मेण ओलसर चमकायला लागलं की टिश्यूने अलगद पुसायचं. एका पुसण्यात बोटाएवढा पट्टा उघडतो आणि त्यात पिवळा, नारिंगी, लाल एकदम समोर येतात. नातू तेवढ्यासाठी खाली येऊन बसायचा.

आता माहितीपत्रक. त्यात ‘सूर्य म्हणजे आयुष्य, हरीण म्हणजे श्रीमंती’ असा दहावीच्या गाइडसारखा तक्ता आहे. असं एकास एक कुठे असतं? त्रिकोण एके काळी अग्नी, वायू, पाणी यांचा सांगत. ख्रिस्ती झाल्यावर तोच त्रिकोण पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचा झाला. दोन्ही हात वर केलेली बेरेहिन्या देवी तर या तक्त्यात नाहीच. ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ असंही बेधडक छापलंय. युक्रेनमधल्या त्रिपिल्या संस्कृतीच्या प्राचीन मडक्यांवरची वळणं या नक्षीसारखी दिसतात, हे खरं. पण अंड्याचं कवच काय टिकणार? मातीची रंगीत अंडी मध्ययुगातली सापडतात. खऱ्या अंड्यावरची सर्वांत जुनी पिसांकी २०१३ मध्ये ल्विव्हच्या उत्खननात मिळाली. गूज या हंसासारख्या पक्ष्याच्या अंड्यावरची, पंधराव्या-सोळाव्या शतकातली. मधल्या काळाचं सगळं अनुमान.

नमुन्यांच्या कागदावर तर एक हसरा ससाही आहे. अहो, ससा जर्मन ईस्टरचा, त्याचं इथे काय काम?

त्याऐवजी कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांची गोष्ट छापायची होती. तिथे म्हणे एक दुष्ट सर्प कड्याला साखळदंडांनी बांधलेला आहे. दर वर्षी तो आपल्या हस्तकांना गावोगाव पाठवून किती पिसांकी झाल्या ते मोजून घेतो. कमी भरल्या तर साखळी सैल होते, भरपूर असल्या तर घट्ट आवळते. बायका रात्री, घरदार निजल्यावर हे काम करत. एखादं अंडं गोठ्यात, एखादं मधमाश्यांच्या पोळ्याखाली ठेवत. सोव्हिएत काळात हे धार्मिक म्हणून दडपलं गेलं, तेव्हा परदेशी गेलेल्या युक्रेनी लोकांनीच ते जपलं. एडमंटनच्या पूर्वेला व्हेग्रेव्हिलमध्ये १९७५ पासून ॲल्युमिनियमची भलीमोठी पिसांकी उभी आहे, वाऱ्याने फिरते. २०२४ मध्ये युनेस्कोनेही या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एवढा ऐवज हाताशी असताना तक्ता कसला देता?

तेव्हा घ्यायचा असेल तर संच बिनधास्त घ्या, नमुन्यांचा कागद बाजूला ठेवा. पांढरीच अंडी घ्या, तपकिरी कवचावर पिवळा मरतो. अंड्याला रबरबँड लावून पेन्सिलीने हलके आठ भाग पाडले की पुढची नक्षी आपोआप सुचते. लहान मुलं असतील तर ज्योतीजवळ मोठ्या माणसाने बसायचं, हे सांगायला नको.

काही लोक अंडं आतल्या ऐवजासकट ठेवतात. ते वर्षानुवर्षांत आतच वाळतं, पण मध्ये तडकलं तर घरात थांबवत नाही. मला सांगलीला न्यायची होती म्हणून रिकामी केली. आधी व्हार्निश, ते पुरतं वाळल्यावर बारीक भोक पाडून आतलं काढायचं. त्यासाठी लागणारी पिचकारी या संचात नाही, ती वेगळी विकत घ्यावी लागते.