पन्नाशीतच "पेन्शन सुरू करून देतो" म्हणणारे एजंट : ईपीएस-९५ मधली फसवणूक

कारखान्याला टाळं लागतं, किंवा ठेका संपतो. हिशोबाचे पैसे घरखर्चात आणि जुन्या कर्जात जिरतात. अशा वेळी ५२-५३ वर्षांच्या कामगाराला कुणीतरी गाठतं. कधी भविष्य निधी कार्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात, कधी गावातल्या सायबर कॅफेत, कधी जुन्याच सहकाऱ्याच्या ओळखीने. "काका, तुमची पेन्शन पन्नाशीलाच लागू झालीय. ५८ पर्यंत कशाला थांबता, उद्याचं कुणी बघितलंय? आधार, पासबुक द्या आणि ओटीपी आला की सांगा." काही आठवड्यांत पेन्शन खात्यात पडते, एजंट ठरलेले पैसे घेतो आणि काका त्याचे आभार मानतात. आपण फसलो हे कळतं ते पाच-सहा वर्षांनी, बरोबरीने काम केलेल्या माणसाच्या पेन्शनचा आकडा कानावर पडल्यावर. तोवर बदलण्यासारखं काही हातात राहिलेलं नसतं.

यात खोटा कागद कुठेच नसतो, म्हणूनच पोलिसांत जाऊनही बहुतेकांच्या हाती काही लागत नाही. लवकर पेन्शन घेण्याची सोय योजनेत खरोखर आहे. एजंट लपवतो ती तिची किंमत.

ईपीएस-९५ म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांची कर्मचारी पेन्शन योजना, ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. किमान १० वर्षांची सेवा झालेल्या सदस्याला वयाच्या ५८ व्या वर्षापासून पूर्ण पेन्शन मिळते. नोकरी सुटलेली असेल तर ती ५० नंतर कधीही सुरू करता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दर वर्षामागे ४ टक्के कपात होते. ही कपात ५८ पूर्ण झाल्यावर उठत नाही, ती आयुष्यभराची असते. पन्नाशीलाच पेन्शन घेतली तर पाव भागाहून जास्त रक्कम कायमची जाते. पुढे पत्नीला जी विधवा पेन्शन मिळते ती नवऱ्याला मृत्यूच्या वेळी मिळत असलेल्या पेन्शनच्या निम्मी असते, म्हणजे कपात तिच्याही वाट्याला येते. सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनधारकाला आणि विधवेला किमान १,००० रुपयांची हमी आहे, एवढाच काय तो आधार.

आकडेमोड करून बघू, कारण एजंट नेमकी तीच करू देत नाही. समजा एक फिटर सप्टेंबर २००५ मध्ये लागला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्याची नोकरी सुटली. सेवा १८ वर्षं. सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, आणि त्याला मर्यादा १५,००० रुपयांची. एजंट मोबाइलवर १५,००० गुणिले १८ भागिले ७० करून ३,८५७ रुपये दाखवतो. इथेच पहिली फसगत होते. १५,००० ची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे, त्याआधीच्या सेवेला ६,५०० चीच मर्यादा लागते. म्हणून पहिल्या ९ वर्षांचे ८३६ आणि पुढच्या ९ वर्षांचे १,९२८, मिळून ५८ व्या वर्षी सुमारे २,७६४ रुपये. हीच पेन्शन ५२ ला सुरू केली तर हातात २,२०० सुद्धा पडत नाहीत. दाखवले होते ३,८५७.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लवकर घेतलेली पेन्शन प्रत्येकाला तोट्याचीच असते, असं नाही. आपल्या फिटरला ५८ पर्यंतच्या ७२ महिन्यांत दीड लाखाच्या आसपास रक्कम आधीच मिळालेली असते. थांबलेल्या माणसाला ती दरमहा सहाशे-साडेसहाशेच्या फरकातून भरून काढायला त्यापुढे १९ ते २१ वर्षं लागतात, म्हणजे वय ७७ ते ७९. त्यातून या पेन्शनला महागाई भत्ता नाही, आजचे दोन हजार वीस वर्षांनीही दोन हजारच. ज्याला गंभीर आजार आहे, ज्याच्या घरात दुसरा रुपया येत नाही, ज्याला पुन्हा नोकरी मिळण्याची आशा नाही, त्याने सगळं समजून लवकर पेन्शन घेतली तर त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. फक्त नोकरीत असतानाच कायमचं पूर्ण अपंगत्व आलेलं असेल, तर त्याने लवकर पेन्शनचा अर्ज करूच नये. त्याला अपंगत्व पेन्शन लागू होते. तिच्यात ही ४ टक्क्यांची कपात नाही आणि १० वर्षांच्या सेवेची अटही नाही. एजंट अशा माणसाचाही अर्ज लवकर पेन्शनचाच भरतो, कारण त्यात वैद्यकीय तपासणीची कटकट नसते.

खरा तोटा होतो तो पुन्हा नोकरी मिळू शकणाऱ्याचा. पेन्शन सुरू झाली की योजनेचं सदस्यत्व संपतं. पुढे दुसऱ्या कंपनीत पीएफ कापला गेला तरी मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जात नाहीत, ते पीएफमध्येच जमा होतात. पैसे वाया जात नाहीत, पण सेवेची वर्षं वाढायची थांबतात. १५,००० च्या मर्यादेवर सेवेचं एकेक वर्ष दरमहा २१४ रुपयांची पेन्शन वाढवतं. आपल्या फिटरला ५३ व्या वर्षी वॉचमनची का होईना, पीएफ असलेली नोकरी मिळाली आणि तिथे त्या मर्यादेइतका पगार असेल, तर ५८ पर्यंतच्या ५ वर्षांत हजारावर रुपयांची भर पडते. शिवाय त्याची सेवा २० वर्षांच्या पुढे जाते, आणि २० वर्षं सेवा करून ५८ ला निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत आणखी २ वर्षं धरली जातात. अठरा वर्षं सेवा झालेल्या माणसाला पेन्शन सुरू करून देणं म्हणजे त्याला या उंबरठ्यावरून मागे ओढणं. हे एजंटला पक्कं माहीत असतं. पण त्याचे पैसे अर्ज मंजूर झाला की मिळतात, तुम्ही सहा वर्षं थांबलात तर त्याला काहीच मिळत नाही. त्याच्या घाईचं कारण तेवढंच.

दुसरी फसवणूक याहून वाईट आहे, कारण तिच्यात पेन्शनच राहत नाही. एका कंपनीत ६ वर्षं, दुसरीत ५ वर्षं, एकूण ११. म्हणजे पेन्शन नक्की. पण जुनी सेवा नव्या खात्याला जोडलेली नसते. एजंट ती मुद्दाम जोडत नाही, उलट जुन्या खात्यावर पीएफ काढण्याच्या फॉर्म १९ सोबत फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसेही काढून देतो. साडेनऊ वर्षं किंवा जास्त सेवा असेल तर ती १० धरली जाते आणि १०-सी वर पैसे काढताच येत नाहीत, म्हणून त्याला सेवेचे तुकडे तसेच हवे असतात. पैसे काढले की ती ६ वर्षं पुसली जातात आणि उरतात ५. सगळी सेवा २०१४ नंतरची आणि पगार मर्यादेइतका धरला, तर ११ वर्षांची पेन्शन ५८ पासून दरमहा सुमारे २,३५७ रुपये झाली असती. तिच्या बदल्यात मिळते एकरकमी लाखाच्या आतली रक्कम, आणि त्यातूनही एजंटचा हिस्सा जातो.

या कामी पासबुक दाखवून घाबरवलं जातं. पीएफ जुन्या कंपनीतून नव्या खात्यात वर्ग केला की पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यात जुन्या सेवेचे पैसे दिसत नाहीत, शून्य दिसतं. "बघा, पेन्शनचे पैसे गेले, उरलेले तरी काढून घ्या," असं सांगितलं जातं. पैसे कुठेही गेलेले नसतात. पेन्शनमध्ये रक्कम वर्ग होत नाही, सेवा वर्ग होते, आणि पेन्शनचं सूत्रही सेवेवरच चालतं. नोकरी सुटली आणि १० वर्षं भरलेली नाहीत, पण पुढे भरण्याची शक्यता आहे, अशा वेळी त्याच १०-सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. सेवा जपून ठेवणारा हा कागद बहुतेकांना कुणी सांगितलेलाच नसतो.

साखर कारखान्यांतल्या हंगामी कामगारांनी तर विशेष सावध राहावं. "वर्षात पाचच महिने भरता, तुमची १० वर्षं कधी व्हायची?" असं म्हणून त्यांच्याकडून १०-सी भरून घेतला जातो. योजनेत स्पष्ट आहे : हंगामी कामगाराने एखाद्या वर्षात प्रत्यक्ष केलेलं काम वर्षापेक्षा कमी असलं तरी ते पूर्ण वर्ष धरायचं. दहा हंगाम अंशदानासह भरले असतील तर दहा वर्षं भरली.

५८ उलटून गेलेल्यांना वेगळं आमिष दाखवतात : "थकबाकी काढून देतो, त्यातला चौथा हिस्सा माझा." अर्ज उशिरा केला तरी पेन्शन ५८ पूर्ण झाल्यापासून देय असते आणि मागची थकबाकी मिळते. ती मिळवून देण्यात एजंटचं काहीच कर्तृत्व नसतं. पेन्शन ५९ किंवा ६० पर्यंत पुढे ढकलण्याची सोयही एप्रिल २०१६ पासून आहे, दर वर्षामागे ४ टक्के वाढीसह. पण त्यासाठी तसा पर्याय द्यावा लागतो, अर्ज न करता नुसतं बसून राहिल्याने वाढ मिळत नाही. वरच्या फिटरची २,७६४ ची पेन्शन ६० ला सुमारे २,९९० होईल. त्यासाठी सोडलेले दोन वर्षांचे ६६ हजार भरून निघायला मात्र २४ वर्षं लागतात, वय ८४ च्या पुढे. म्हणून ज्याला या पैशांची गरज आहे त्याने पुढे ढकलू नये, असंच आम्ही सांगतो. पत्नी वयाने बरीच लहान असेल आणि घर दुसऱ्या उत्पन्नावर चालत असेल, तरच त्याचा विचार करावा.

"जास्त पगारावरची पेन्शन मिळवून देतो" म्हणून अजूनही पैसे उकळले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर त्यासाठीचे अर्ज घेतले गेले आणि त्यांची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. किमान पेन्शन ७,५०० करण्याची मागणी खरी आहे, तिच्यासाठी आपल्याकडच्या वृद्ध पेन्शनधारकांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर बसून आंदोलनं केली. त्याच मागणीच्या नावाने "मंजूर झाली, फॉर्म भरा, पाचशे रुपये द्या" असे निरोप पाठवणं हा त्या म्हाताऱ्या माणसांचा घोर अपमान आहे. किमान पेन्शन वाढली तर ती कार्यालयच देईल. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागणार नाहीत.

अर्ज स्वतः करणं अवघड नाही आणि त्याला शुल्कही नाही. आधी पासबुक उघडून प्रत्येक कंपनीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख पाहा. सोडल्याची तारीख रिकामी असेल तर अर्ज अडकतो. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. जुनी सेवा जोडून घ्या. ५८ नंतरही नोकरीत असाल तर मालकाने तोवर पेन्शनचं अंशदान थांबवलेलं असलं पाहिजे. ते चुकून चालू राहिलं की अर्ज परत येतो. मग यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) पोर्टलवर किंवा सरकारच्या उमंग ॲपवर पेन्शन मागण्याचा फॉर्म १०-डी भरा. पतीपत्नीचा एकत्र फोटो आणि आयएफएससी कोड दिसणारं पासबुक जवळ ठेवा. फॉर्ममध्ये पेन्शनचा प्रकार आणि ती कधीपासून हवी ती तारीख या दोन जागा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय ओटीपी टाकू नका. आधारचा ओटीपी ही तुमची सही आहे. तो फोनवर सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणं. परिपूर्ण अर्ज २० दिवसांत निकाली काढणं कार्यालयावर बंधनकारक आहे.

एजंटला माहिती देऊन बसला असाल तर आधी पोर्टलचा पासवर्ड बदला आणि यूएएनला कुणाचा मोबाइल नंबर जोडला आहे ते तपासा. अर्ज कुठला गेला, १०-डी की १०-सी, हे क्लेम स्टेटसमध्ये दिसतं. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, निघालेला नसेल तर त्याच दिवशी कार्यालयात लेखी अर्ज द्या की ही तारीख मला न समजावता भरली गेली आहे, आणि पोहोच घ्या. पीपीओ निघाल्यावर वाट फार अरुंद होते. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. कार्यालय दाद देत नसेल तर ईपीएफआयजीएमएस या भविष्य निधीच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा.

कार्यालय लांब पडत असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत "निधी आपके निकट" हे शिबिर भरतं. तिथे अधिकारी समोर असतात आणि पैसे लागत नाहीत. जाताना पासबुकाची प्रत, प्रत्येक कंपनीच्या नोकरीच्या तारखा आणि ५२, ५५, ५८ ला किती मिळेल याचं स्वतः केलेलं गणित कागदावर लिहून न्या. शक्य असेल तर पत्नीलाही सोबत न्या, कारण त्या आकड्याचा निम्मा भाग पुढे तिलाच मिळणार आहे.