जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : सबमिशन, प्रॅक्टिकल आणि मराठी टायपिंगच्या कसोटीवर

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हातातील बऱ्याच लॅपटॉपांची पंचाईत झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लॅपटॉपमध्ये असावी लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा असावा लागतो. थोरल्या भावंडाकडून आलेला किंवा सेकंड हँड घेतलेला सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही व्यवस्थित चालत असला तरी या अटीत बसत नाही. वैयक्तिक वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट्ससाठी वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण तिची हद्द १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. अशा लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकून पदवीचा अभ्यास कितपत निभावतो, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. मी ते सातव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम आणि मूळची हार्ड डिस्क काढून बसवलेली एसएसडी अशा लॅपटॉपवर वापरत आहे.

मिंट २००६ पासून आहे. सध्याची २२ ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळणार आहेत, म्हणजे आज प्रथम वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याच्या पदवीचा बहुतांश काळ त्यात बसतो. ते पूर्णपणे मोफत आहे आणि मुख्य म्हणजे रीतसर मोफत आहे. आपल्याकडे दुकानात ‘फॉरमॅट मारून’ मिळणारे विंडोज आणि त्यासोबत येणारे ऑफिस यांचा परवाना कोणाच्या नावावर असतो, हे सहसा कोणी विचारत नाही. ते सॉफ्टवेअर कुठल्या फाइलने ‘ॲक्टिव्हेट’ केले, हे तर त्याहून कमी जण विचारतात. मिंटची सुमारे ३ जीबीची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवायची, रूफस किंवा बलेना एचर या साधनाने पेन ड्राइव्हवर चढवायची आणि त्या पेन ड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू करायचा, एवढी साधी रीत आहे. मात्र उतरवलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का हे सांगणारा आकडा, ताडून पाहण्याचा कंटाळा करू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन तेथील दुवा छुपी चोरवाट (बॅकडोअर) ठेवलेल्या फाइलकडे वळवण्यात आला होता. अशा वेळी चेकसम ताडण्याची सवय उपयोगी पडू शकते.

पेन ड्राइव्हवरून सुरू झालेले मिंट काहीही न पुसता चालवून पाहता येते आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत उपयोगी सोय आहे. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा तपासून घ्याव्यात. स्वस्त लॅपटॉपांतील काही वाय-फाय चिपा पहिल्याच झटक्यात ओळखल्या जात नाहीत, आणि त्यांचा ड्रायव्हर उतरवायचा तर इंटरनेट हवे असा पेच पडतो. तो सोडवायला मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. मिंट ते जोडणी म्हणून लगेच ओळखते आणि ड्रायव्हर मॅनेजर पुढचे काम करतो.

विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवायचे, म्हणजे ड्युअल बूट करायचे, तर मात्र सावकाशीने घ्यावे लागते. आधी बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क-कुलूप चालू आहे का ते पाहावे आणि असल्यास त्याची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी. डिस्कमधील जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करावी. फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज बंद केल्यावरही अर्धवट झोपलेले राहते आणि मिंटमधून डी ड्राइव्ह उघडला तर फाइल वाचता येते पण जतन करता येत नाही. दुसरी गंमत घड्याळाची. लॅपटॉपच्या आतील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरते आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ, त्यामुळे मिंटमधून विंडोजमध्ये परत गेल्यावर अनेकदा घड्याळ नेमके साडेपाच तास मागे दिसते. मिंटला स्थानिक वेळ धरायला सांगणारी एक ओळीची आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, दिली की हा घोळ मिटतो. पण ती ठाऊक नसलेला विद्यार्थी मदरबोर्डचा सेल संपला असे समजून दुरुस्तीच्या दुकानात जातो.

दिसण्या-वागण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सिनॅमन ही मुख्य आवृत्ती डाव्या कोपऱ्यातील मेनू, खालची पट्टी आणि उजवीकडचे घड्याळ यांसह विंडोजवरून येणाऱ्याला तासाभरात सवयीची होते. ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, तरीही ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की रॅम भरणार ती भरणारच. मिंट रॅम वाढवून देत नाही. जुन्या लॅपटॉपच्या वेगातला खरा फरक एसएसडीने पडतो आणि त्याचे श्रेय लिनक्सला देणारे पुष्कळ लोक आहेत. अपडेट्स मात्र आपण म्हणू तेव्हाच येतात, ओरलच्या सकाळी लॅपटॉप स्वतःहून रीस्टार्ट होऊन टक्केवारी मोजत बसत नाही, आणि काही बिघडलेच तर टाइमशिफ्ट या साधनाने आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत जाता येते. टाइमशिफ्ट प्रणालीच्या फाइली जपते, आपली कागदपत्रे नव्हेत. असाइनमेंटची प्रत वेगळी ठेवावीच लागते.

आता प्रॅक्टिकल. संगणकशास्त्र आणि आयटीच्या विद्यार्थ्याला मिंट मानवते, यात शंका नाही. सी, सी प्लस प्लस, पायथन, जावा, गिट, डेटाबेस हे सारे सॉफ्टवेअर मॅनेजरमधून किंवा टर्मिनलमधील एका आज्ञेने येते आणि विंडोजवर पाथ लावताना होणारी कसरत येथे करावी लागत नाही. अडचण येते ती आपल्याच प्रयोगशाळांतील जुन्या सवयीमुळे. टर्बो सी प्लस प्लस अजून अनेक ठिकाणी शिकवले जाते आणि जर्नलमधील प्रोग्राम त्याच्याच वळणाने लिहिलेले असतात. सुरुवातीला ‘कोनिओ डॉट एच’, मग ‘व्हॉइड मेन’, मग ‘क्लिअरस्क्रीन’ आणि शेवटी निकाल पडद्यावर थांबावा म्हणून ‘गेटच’. हा प्रोग्राम जसाच्या तसा मिंटवरील जीसीसी या कंपायलरला दिला तर पहिल्याच ओळीत तशी हेडर फाइल नसल्याचे सांगून ते थांबते, आणि सी प्लस प्लसच्या ‘आयओस्ट्रीम डॉट एच’चीही तीच गत होते. चारपाच ओळी बदलल्या की प्रोग्राम प्रमाणित भाषेत येतो आणि चालतो. पण परीक्षक जर्नलमध्ये जुनीच शैली मागत असेल, किंवा कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला ‘ग्राफिक्स डॉट एच’ वापरायची असेल, तर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस प्रणालीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टर्बो सी चालवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. तो मिंटवर विनातक्रार चालतो, आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजवरही तेच करावे लागत असल्याने यात तोटा काही नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला आर्डुइनो हा प्रयोगाचा बोर्ड जोडताना एकदाच अडते. बोर्ड दिसतो, प्रोग्राम चढत नाही आणि ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येतो. आपले नाव ‘डायलआउट’ या गटात घालून लॉग आउट करून परत आत आले की काम होते. मॅटलॅबची लिनक्स आवृत्ती उपलब्ध आहे, आणि परवाना नसेल तर त्याच धर्तीचे मोफत सायलॅब आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने सर्किटसाठी ईसिमसारखी साधने तयार केली आहेत, तर त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी निवेदनासह मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्या आणि टर्मिनल पाहून बिचकणाऱ्या विद्यार्थ्याने तेथूनच सुरुवात करावी. यूट्यूबवरील घाईगर्दीच्या चित्रफितींपेक्षा ते धडे पुष्कळ संथ आणि म्हणूनच उपयोगी आहेत.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी मात्र या वाटेला केवळ मिंटच्या भरवशावर जाऊ नये. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर चालत नाहीत. वाइन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवू पाहणारे साधन) किंवा व्हर्च्युअल मशिन (एका प्रणालीच्या आत चालवलेली दुसरी प्रणाली) यांच्या आधारे ती कशीबशी ओढत नेण्याची अपेक्षा जुन्या लॅपटॉपकडून करणे म्हणजे त्या लॅपटॉपवर अन्याय आहे. बी. कॉम.च्या टॅलीचीही हीच कथा.

सबमिशनचा प्रश्न सगळ्याच शाखांचा आहे आणि मिंटची खरी परीक्षा तेथे होते. सोबत येणारे लिबरऑफिस साध्या असाइनमेंटला पुरेसे आहे. टाइम्स न्यू रोमनऐवजी ते लिबरेशन सेरिफ वापरते. दोन्हींच्या अक्षरांची रुंदी सारखी राखलेली असल्याने ओळी जेथल्या तेथे तुटतात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या ब्लॅक बुकचे प्रकरण वेगळे असते. चार जणांचा गट, त्यांपैकी तिघे वर्डवर, आणि प्रत्येकाने आपापले प्रकरण पाठवलेले. अशी जोडलेली फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की आकृत्या चौकटीबाहेर सरकतात, स्मार्टआर्टच्या आकृत्या बदलता येत नाहीत आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठक्रमांक पुन्हा पाहावे लागतात. ओन्लीऑफिस या बाबतीत लिबरऑफिसपेक्षा बरे वाटले आणि तेही मोफत मिळते. तरीही गटात अंतिम जुळणी एकाच लॅपटॉपवर, एकाच सॉफ्टवेअरमध्ये करावी आणि झेरॉक्सवाल्याकडे बाइंडिंगसाठी जाताना पीडीएफच न्यावी. दुकानातल्या संगणकावर वर्डची फाइल उघडल्यावर समासांचे काय होईल याची खात्री विंडोज वापरणाऱ्यालाही देता येत नाही.

मराठी टायपिंगबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण कला शाखेच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांचा निर्णय त्यावरच ठरतो. मिंटमध्ये देवनागरी वाचण्यासाठी काहीच करावे लागत नाही. लिहिण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमधून भाषेचा आराखडा जोडायचा असतो. इन्स्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण आराखडा शिकलेल्याला फारसे वेगळे वाटत नाही; ‘ळ’ शिफ्ट धरून ‘ल’च्याच कळीवर आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा ‘ऱ’ शिफ्ट धरून ‘र’च्या कळीवर, हे विंडोजसारखेच आहे. उच्चारानुसार टंकणाऱ्यासाठी मराठीचा फोनेटिक आराखडाही यादीत असतो, पण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून पर्याय निवडण्याची सवय झालेल्याला तो परका वाटतो. अशांना ब्राउझरपुरते गूगल इनपुट टूल्सचे एक्स्टेन्शन हाताशी आहे. मंगल हा फाँट विंडोजचा असल्याने त्यात टंकलेला निबंध मिंटवर नोटो किंवा लोहितमध्ये दिसतो आणि पाने कमी-जास्त होतात. गटातील सर्वांनी मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फाँट ठरवून घेतला तर हा त्रास उद्भवत नाही.

खरा खोडा युनिकोडपूर्व फाँटचा आहे. छपाईच्या जगात आणि काही स्थानिक नियतकालिकांत श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांचे राज्य पूर्णपणे गेलेले नाही. तो फाँट मिंटवर बसवून मजकूर वाचता येतो, परंतु त्यासोबत चालणारे टंकनाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनवलेले असते. अंशकालीन डीटीपी करून शिक्षणाचा खर्च भागवणाऱ्या विद्यार्थ्याला यामुळे विंडोज सोडणे परवडणार नाही, आणि त्याला कोणी लिनक्सच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान देऊ नये.

ऑनलाइन परीक्षा हा शेवटचा अडसर. परीक्षेच्या वेळी बाकी सारे बंद ठेवणाऱ्या सेफ एक्झाम ब्राउझरची लिनक्स आवृत्ती नाही, आणि व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवू पाहिल्यास मूळ सेटिंगनुसार ते नकार देते. प्लेसमेंटच्या काळात कंपन्या घेतात त्या देखरेखीखालील चाचण्याही बऱ्याचदा विंडोज किंवा मॅकच मागतात. मीट आणि झूमवरील वर्ग, शिष्यवृत्तीचे अर्ज, ई-मेल हे सारे ब्राउझरमध्ये होते आणि तेथे काही अडत नाही. पण एका परीक्षेला प्रवेश नाकारला गेला तर या सगळ्या सोयींचा उपयोग शून्य. परीक्षेच्या सूचनापत्रात कोणती प्रणाली चालेल हे लिहिलेले असते, ते फॉर्म भरतानाच वाचावे.

त्यामुळे संगणक, आयटी, विज्ञान आणि युनिकोडमध्ये लिहिणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला मी मिंट निःसंकोच सुचवतो, आणि ज्याचा लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र आहे त्याने केवळ हौस म्हणून सत्राच्या मध्यावर बदल करण्याचे काही कारण नाही. बदलायचेच तर लेखी परीक्षा संपल्यानंतरच्या सुट्टीत ड्युअल बूट करावे, मिंटला किमान १०० जीबी जागा द्यावी आणि विंडोजचा भाग अंतिम वर्षाच्या प्लेसमेंट आटोपेपर्यंत पुसू नये. मात्र १३ ऑक्टोबर २०२६ नंतर त्या जुन्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार आणि मुख्य ई-मेल उघडणे बंद करावे, ते मिंटमधूनच करावे, आणि विंडोज फक्त परीक्षेपुरते सुरू करावे.