अंगणात पाणी मुरवण्याचं काम : साडेतीन तारे

उजनी धरण भरलं तरी जुळे सोलापुरात आमच्या नळाला रोज पाणी नाहीच. म्हणून मे महिन्यात एका स्थानिक कंत्राटदाराकडून छताचं पाणी अंगणात मुरवायचं काम करून घेतलं.

बाकीचे सगळे टाकीच गळ्यात मारत होते. याने आधी लेव्हल पाइप धरून अंगणाचा उतार मोजला. हिशेब सोपा : 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. आमचं छत 90 चौरस मीटर, म्हणजे 20 मिलिमीटरच्या एका पावसात 1800 लिटर! आजवर गटारात जायचं. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या टूसॉनमध्ये रस्त्याकडेची काँक्रीटची कड कापून रस्त्यावरचं पाणी झाडांच्या खड्ड्यात घेतात. आपल्याकडे पाऊस त्याहून जास्त, पण आपण अंगणाला फरशी घालणार.

शेवग्या-सीताफळाला खोलगट आळी, वर उसाच्या पाचटाचा जाड थर. खालची माती चार दिवस ओली राहते, बोट घालून बघतो मी.

पण पहिल्या पावसाचं घाण पाणी वळवणारा व्हॉल्व्ह महिन्यात गळायला लागला; तीन फोन केल्यावर माणूस आला. शिवाय पाणी मुरवायचा चर घराच्या भिंतीला खेटून खणला होता, आईनं ओरडून लांब सरकवायला लावला. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला धोका होतो हे सोलापुरात सांगावं लागतं का?