सागरी भोंग्यांचा वर्ग : आकडे पक्के, धुकं कच्चं

भोंगा म्हटलं की जुन्या कोल्हापूरकराला गिरणी आठवते. समुद्र घाटाखाली. त्यामुळे मर्चंट नेव्हीला निघालेल्या पोरांचे कान आधी तयार करावे लागतात, आणि राजारामपुरीतला हा दोन दिवसांचा वर्ग नेमकी तिथूनच सुरुवात करतो. तोंडात शिट्टी, समोर स्टॉपवॉच. शॉर्ट ब्लास्ट, म्हणजे छोटा भोंगा, साधारण १ सेकंद; प्रोलाँग्ड, म्हणजे लांब, ४ ते ६ सेकंद. नवख्याचा शॉर्ट दोन सेकंदांवर रेंगाळतो, लांब तिसऱ्यालाच तुटतो. ऐकणाऱ्याला मग दोन्ही सारखेच. ही खोड इथे मोजून मोडतात.

जहाजांची टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला रूल ३४ उत्तम शिकवला. एक शॉर्ट : स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडे वळतोय. दोन : पोर्टला, म्हणजे डावीकडे. तीन : इंजिन उलटं चालवतोय. तीन म्हणजे ‘मागे येतोय’ नव्हे. भरलेलं जहाज इंजिन उलटं फिरत असतानाही बराच वेळ पुढेच सरकतं, हे फळ्यावर बाण काढून दाखवलं. समोरच्याचा इरादा कळेना, तर किमान पाच शॉर्ट, भरभर.

घोळ धुक्यात. एक-दोन-तीनचे संकेत जहाजं एकमेकांना डोळ्यांनी दिसत असतील तरच. रडारवर दिसणं हे दिसणं नव्हे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि हाच मुद्दा एका वाक्यात उरकला. धुक्यात रूल ३५ : इंजिनवर चालणारं जहाज जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने एक लांब देतं, थांबून पाण्यात नुसतं उभं असेल तर दोन लांब, मध्ये सुमारे २ सेकंद. शिडाचं किंवा मासेमारीत गुंतलेलं असेल तर एक लांब, दोन शॉर्ट. हे तक्ते वाटले, वाजवून घेतले नाहीत.

नांगरावरच्या जहाजासाठी मात्र देवळातली घंटा आणली होती : ५ सेकंद भरभर, दर मिनिटाला. १०० मीटर किंवा त्याहून जास्त लांबीच्या जहाजाला मागच्या बाजूला गाँगही (बडवायची धातूची थाळी) लागते. तिच्या जागी पितळी ताट बडवलं. चालतंय की! घंटेशी गल्लत होऊ नये, ही नियमाची अट.

आणखी एक तक्रार, तीही मोठी. २०० मीटर किंवा त्याहून जास्त लांबीच्या जहाजाचा भोंगा ७० ते २०० हर्ट्झचा, ७५ मीटरहून कमी लांबीच्याचा २५० ते ७००. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचा घुमारा गायबच होतो, आणि टँकरही ट्रॉलरसारखा (मासेमारी बोटीसारखा) पिपाणी वाजवतो. लग्नाच्या डीजेकडून एक बेस बॉक्स भाड्याने आणा.