सहा पीपीसीसाठी बनवून घेतलेली डाय : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डाय म्हणजे उडवलेलं काडतूस पुन्हा भरण्याआधी त्याची पुंगळी, म्हणजे पितळी कवच, दाबून मापात आणणारा साचा. माझ्या रायफलच्या सहा पीपीसी काडतुसासाठी बनवून घेतलेली ही डाय एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात पडली. आता नोव्हेंबर संपत आलाय, ओहायोतला मैदानी मोसम आटोपलाय आणि साधारण तेराशे वेळा पुंगळी तिच्यातून गेली आहे. डाय कुठल्या कंपनीची घ्यावी, असा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझ्या मते तो प्रश्नच चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. आधी आपल्या रायफलच्या चेंबरचं (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेचं) माप आणि त्यातून निघालेल्या पुंगळीचं माप हातात हवं. नाव नंतर.

ज्यांना बेंचरेस्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काँक्रीटच्या टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यावर रायफल, समोर १०० किंवा २०० यार्डांवर कागद. सात मिनिटांत पाच गोळ्या शक्यतो एकाच भोकात घालायच्या. सरावाच्या चौकटीत हव्या तेवढ्या मारा, त्या मोजत नाहीत. पाचांपैकी सर्वांत लांबच्या दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. अशा पाच कागदांची सरासरी म्हणजे त्या दिवसाचा तुमचा आकडा. १०० यार्डांवर पाव इंचाच्या आत राहिलात तरच चांगल्या लोकांच्या पंक्तीत बसता.

माझी रायफल सहा पीपीसी. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी १९७५च्या सुमारास .२२० रशियन या पुंगळीला नवा आकार देऊन हे काडतूस बनवलं. नावातली दोन ‘पी’ त्या दोघांची आणि ‘सी’ कार्ट्रिजची. आजही आम्ही लापुआची .२२० रशियन पुंगळी घेतो, तिची मान सहा मिलिमीटरला फुगवतो, बाहेरून तासून पातळ करतो आणि आपल्याच चेंबरमध्ये उडवून अंतिम आकार देतो. म्हणजे प्रत्येक पुंगळी त्या एका रायफलचा ठसा घेऊन बाहेर येते. दुकानातली तयार डाय हजारो चेंबरांना चालेल अशा बेतानं केलेली असते. तिचा दोष नाही, तिचं कामच तसं आहे.

पुंगळ्याही आम्ही शेकड्यांनी वापरत नाही. माझ्याकडे स्पर्धेसाठी वीस आहेत. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मैदानावरच, घडीच्या टेबलाला लहान प्रेस अडकवून, त्याच पुंगळ्या पुन्हा दाबायच्या, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली बारीक वाटी) बसवायचा, दारू भरायची, गोळी बसवायची. एकाच पुंगळीला दिवसातून पाच-सहा वेळा डायमधून जावं लागतं. त्यामुळे डाय तिला प्रत्येक वेळी किती हलवते, याला आमच्याकडे इतकं महत्त्व.

गेल्या वर्षी माझ्याकडे अशीच एक तयार, मानेसाठी बुश (मान दाबणारं छोटं नळकांडं) बदलता येणारी डाय होती. पहिल्या तीन-चार वेळांना सगळं सुरळीत. पाचव्या-सहाव्या वेळेपासून गोळी उडवल्यावर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उचलताना अगदी वरच्या टोकाला ‘टक्’ असा झटका लागायला लागला. पुंगळीचं बूड इतकं फुगलेलं की उडाल्यावर ते आकसून चेंबरच्या भिंतीपासून सुटतच नव्हतं. साध्या शिकारी रायफलीला हे चालून जातं. इथे नाही. वारा एका लयीत आला की तो बदलायच्या आत पाचही गोळ्या भराभर मारायच्या असतात. बोल्टला झटका लागला की रायफल पिशव्यांवर हलते, पुन्हा नेम धरावा लागतो, आणि तेवढ्यात समोरचे वाऱ्याचे झेंडे फिरलेले असतात.

मी पुंगळीचा खांदा, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तो भाग, जास्त दाबून पाहिला. तीन थाऊ मागे नेला. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर वाढलेल्या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही.) झटका तसाच, वर खांद्याजवळ पुंगळी ताणली जायला लागली ते वेगळंच. शेवटी एका रविवारी आबांना फोन केला. आबांनी बंदुकीला कधी हात लावलेला नाही, पण पस्तीस वर्षं बोअरिंगची, म्हणजे धातूत अचूक मापाची भोकं करण्याची, कामं केली आहेत.

“आबा, बूड दाबलंच जात नाही. वरचं अंग दाबलं जातंय, खालचं नाही.”

“भोक मोठं आहे, का ती पुंगळी भोकात पुरती जातच नाही? ते आधी बघ की.”

मी सहा महिने डायचं भोक मोठं आहे असं धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी पुंगळीला काळ्या मार्करनं बुडापासून खांद्यापर्यंत रंग दिला आणि दाबली. अंगावरचा रंग घासला गेला होता. बुडाशी मात्र एक रुंद काळं कडं जसंच्या तसं राहिलं होतं. पुंगळी ज्यात धरतात त्या शेल होल्डरची वरची कड बुडापासून १२५ थाऊवर येते. त्याच्या वर डायच्या तोंडाला आत सरकायला सोपं जावं म्हणून गोलाई दिलेली. आम्ही बुडाचं माप घेतो ते २०० थाऊवर. म्हणजे मधल्या ७५ थाऊत ती गोलाई संपून खरं भोक सुरू व्हायला हवं. माझ्या डायचं तोंड एवढं उघडं होतं की तिथे ते जेमतेम सुरू होत होतं. मापं अशी : उडवलेली पुंगळी २०० थाऊच्या रेषेवर ०.४४०८ इंच, डायमधून काढल्यावर ०.४४०५. जवळपास स्पर्शच नाही.

आता मार्ग तीन होते. पहिला, हॅरेल्ससारख्या ठिकाणी आपल्या उडवलेल्या पुंगळ्या पाठवायच्या. त्यांच्याकडे थोड्याथोड्या फरकाच्या तयार डाय असतात, त्यातली मापाला बसणारी ते निवडून देतात. बहुतेक पीपीसीवाल्यांचं काम यात भागतं, आणि नव्या माणसाला मी हाच मार्ग सांगेन. दुसरा, पुंगळ्यांवरून अगदी स्वतःची डाय कापून घ्यायची. व्हिडन आणि इतर काही कारखाने हे काम करतात. तिसरा, चेंबरचं रीमर (चेंबर कापणारं हत्यार) बनवणाऱ्याकडूनच एक-दीड थाऊ लहान असं दुसरं रीमर करून घ्यायचं आणि आपल्या गनस्मिथकडून कोऱ्या डायमध्ये चेंबर पाडून घ्यायचं. तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो, कारण दोन्ही रीमर एकाच हातचे असतात. पण रीमरचा खर्च एका डायसाठी अंगावर येतो, आणि डाय कापल्यानंतर पोलाद कडक करताना भोक एखाददोन दशांश थाऊनं हलू शकतं. ज्याच्याकडे भट्टीचं काम जाणणारा माणूस नाही त्यानं यात पडू नये.

मी दुसरा मार्ग घेतला, एका लहान कारखान्याकडून. नाव मुद्दाम घालत नाही. माझ्या पुंगळ्यांवरून कापलेली डाय तुमच्या रायफलीत माझ्यासारखी चालेल याची कुणी हमी देऊ शकत नाही, आणि नाव दिलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

पुंगळ्या पाठवताना एक काळजी घेतली, ती सगळ्यांनी घ्यावी. एकदाच उडवलेली पुंगळी पाठवू नका. पहिल्या स्फोटात पितळ चेंबर पुरतं भरत नाही. मी तीन पुंगळ्या फक्त मान दाबून तीन-तीन वेळा, स्पर्धेच्याच भरणीनं उडवल्या आणि प्रायमर काढून पाठवल्या. सोबत रीमरच्या आराखड्याची प्रत आणि हातानं लिहिलेली एक चिठ्ठी : बूड दीड थाऊ कमी हवं, खांद्याच्या कडेला एक थाऊ कमी, तोंडाची गोलाई शक्य तितकी लहान. अकरा आठवडे लागले. पैसे तीनशे डॉलरच्या आसपास गेले, टपाल धरून.

आली त्या रात्री पहिलं काम मार्करचंच. काळं कडं आता शेल होल्डरच्या कडेला टेकलेलं, बारीक. बूड ०.४३९३. खांद्याच्या कडेला नेमका एक थाऊ कमी. कागदावर मागितलेलं माप पितळावर उतरलेलं पाहताना आबांच्या शेजारी उभं राहून पहिला बुश बसवला होता तो दिवस आठवला. फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “कडेची चकाकी सारखी आहे का सगळीकडून?” होती.

आता आठ महिन्यांत काय झालं ते. बोल्टचा झटका गेला, आणि परत आला नाही. पहिल्या वीस पुंगळ्यांनी प्रत्येकी तीसच्या वर फेऱ्या काढल्या. प्रायमरची जागा सैल झाली म्हणून दोन बाद केल्या, बाकी चालू आहेत. खांदा मी फक्त एक थाऊ मागे नेतो. ते मोजायला गनस्मिथनं माझ्याच रीमरनं जुन्या नळीच्या तुकड्यात पाडलेलं एक छोटं गेज आहे. नळीला चेंबर पाडून घेताना हा तुकडा आठवणीनं मागून घ्या. दहा मिनिटांचं काम, पण नंतर दुसऱ्या कशानं त्याची जागा भरत नाही.

मानेसाठी बुश ठेवू की नको, यावर मी बराच विचार केला होता. चेंबरची मान ०.२६२ आणि भरलेल्या काडतुसाची ०.२६०२. पितळ सारखं तासलेलं असेल तर बुशविना, थेट मापात घासून घेतलेली मान सर्वांत सरळ दाबली जाते, असं अनेक जुने नेमबाज मानतात. तरीही मी बुश घेतला. जुलैच्या दमट दुपारी गोळीवरची पकड अर्ध्या थाऊनं बदलून पाहायची सोय मला हवी होती, आणि ती दोनदा कामी आली. मात्र सुरुवातीला वरची टोपी मी घट्ट आवळत होतो. बुश एका बाजूला धरला जायचा आणि मान किंचित तिरकी यायची. टोपी थोडी सैल सोडली, डाय हलवल्यावर बुश आत खुळखुळेल इतकी, आणि मानेचा तिरपेपणा अर्ध्या थाऊच्या आसपास स्थिरावला. मान आतून ओढणारा गोळाही काढून टाकला. तासलेल्या मानेला त्याची गरज नाही.

घट्ट डायची एक किंमत मोजावी लागते : वंगण. जुन्या डायमध्ये कसंही लावलं तरी चालायचं. हिच्यात मेच्या पहिल्या स्पर्धेत मी घाईनं जरा जास्त लावलं आणि चार पुंगळ्यांच्या खांद्याला खळगे पडले, कारण आतल्या वंगणाला बाहेर पडायला जागाच नव्हती. आता बोटाच्या दोन टोकांवर पुसट थर, तो बुडाकडच्या अर्ध्या अंगावर, खांद्याला अजिबात नाही. दर चाळीस पुंगळ्यांनंतर डाय आतून पुसून घेतो.

तक्रारीच्या दोन गोष्टी आहेत. डायवर माप कोरलेलं नाही, फक्त काडतुसाचं नाव. दोन डाय शेजारी ठेवल्या तर ओळखता येत नाहीत, म्हणून मी हिला तांब्याची तार बांधली आहे. आणि सोबत आलेलं लॉक रिंग (प्रेसमध्ये डायची उंची पक्की करणारं कडं) एका स्क्रूवर डायच्या आट्यांनाच चावतं. मी ते बदलून फटीवर आवळलं जाणारं रिंग घातलं.

गोळी बसवण्याची डाय मात्र मी बनवून घेतली नाही. विल्सनची हाताच्या प्रेसवर चालणारी साधी डाय पूर्वीपासून होती, तीच आहे. बूड सरळ, मान सरळ, तर गोळी सरळ बसते. फक्त आतला दांडा गोळीच्या टोकाला न टेकता तिच्या वळणावर टेकतोय ना, एवढं पाहून घेतलं.

आकड्यांबद्दल विचारणारच, म्हणून सांगतो. गेल्या मोसमात १०० यार्डांवरची माझी सरासरी ०.२९ ते ०.३१ इंचांत फिरायची. या मोसमात चार स्पर्धांत ०.२६च्या आसपास राहिली, एकदा ०.२४१. हे सगळं डायमुळे झालं असं मी म्हणणार नाही. याच काळात मी झेंड्यांची संख्या वाढवली आणि वारा वाचण्यावर जास्त वेळ घालवला. पण ज्या फेरीत पाच गोळ्या वीस-पंचवीस सेकंदांत गेल्या त्या फेरीचे कागद काढून पाहिले, तर सर्वांत लहान भोकं तिथलीच आहेत, आणि गेल्या वर्षी एवढ्या वेगानं मारणं मला जमतच नव्हतं.

कोल्हापुरातून दोघातिघांनी विचारलंय की तिकडे असं काही करता येईल का. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायला परवाना लागतो, त्यामुळे माझा अनुभव इथल्या, अमेरिकेतल्या नियमांतला आहे हे लक्षात घ्या. शिवाय तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं, तो ५० मीटरचा प्रकार .२२ रिमफायरचा, म्हणजे बुडाच्या कडेवर घाव बसून उडणाऱ्या काडतुसाचा. ती पुंगळी एकदा उडाली की संपली, पुन्हा भरता येत नाही. तिथे नेमबाज आपल्या नळीला मानवणारी काडतुसांची खेप शोधतो. चेंबरला जुळणारं पितळ शोधण्यामागची तळमळ मात्र दोन्हीकडे एकच आहे.

सप्टेंबरात जुनी नळी थकली, नवी बसवली. चेंबर त्याच रीमरनं पाडून घेतलं, आणि खरी धाकधूक तेव्हा होती : रीमर मधे एकदा धार लावून आलेलं होतं. नव्या चेंबरमधून तीनदा उडवलेली पुंगळी बुडाशी ०.४४०७ निघाली. थाऊच्या एका दशांशाचा फरक. डायला हात लावला नाही, फक्त लॉक रिंगखाली दोन थाऊची चकती घालून खांद्याचं माप पुन्हा जुळवून घेतलं. जुन्या वीसपैकी उरलेल्या अठरा पुंगळ्या नव्या नळीतही बोटानं ढकलल्यावर आत जातात. एप्रिलमधल्या पहिल्या स्पर्धेला त्यातल्याच नेणार आहे.