मोड आणायचं भांडं: लातूरची थंडी, उन्हाळा आणि आता पाऊस

गेल्या ऑक्टोबरात मी मोड आणायचं भांडं घेतलं. प्लॅस्टिकचं, एकावर एक बसणारे तीन जाळीचे डबे, खाली पाणी साठायला तळ आणि वर झाकण. 349 रुपये पडले. आता जून संपत आलाय, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि पावसाची सुरुवात असं सगळं त्यात होऊन गेलं. आमच्याकडं आठवड्यातून दोनदा तरी मोडाची उसळ होते. घेण्याआधी मला एकच गोष्ट हवी होती आणि ती कुणीच लिहिलेली नव्हती: लातूरसारख्या गावात, जिथं मे महिन्यात पारा 41-42 ला टेकतो आणि नळाला रोज पाणी येत नाही, तिथं हे भांडं चालतं का?

आधी निकाल सांगते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी भांडं उत्तम. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत सुती फडकंच बरं. आणि या दोन्हींपेक्षा जास्त फरक पडतो तो कडधान्यानं. हे शेवटचं कळायला मला तीन महिने लागले.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, औशाकडच्या. त्यांनी आयुष्यभर धोतराच्या जुन्या, मऊ झालेल्या फडक्यात मटकी बांधली. भांडं घरी आलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन खालून-वरून पाहिलं आणि विचारलं, "याला वारं कुठून लागतं गं?" मी झाकणाची दोन बारीक भोकं दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. पण प्रश्न नेमका होता. भिजलेला दाणा जागा होतो, श्वास घ्यायला लागतो आणि ऊब टाकतो. गच्च बांधलेल्या गाठोड्यात हात घालून बघा, मधले दाणे कोमट लागतात. त्याला ओल हवी, हवा हवी आणि साचलेलं पाणी अजिबात नको. बाकी सगळी खटपट या तीन गोष्टींसाठीच.

सुरुवातीचे दोन महिने फार छान गेले. रात्री मूग भिजत घालायचा, सकाळी निथळून डब्यात पसरायचा, संध्याकाळी एकदा पाणी दाखवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या बोटाचे मोड. एक वाटी मुगाचे जवळपास तीन वाट्या मोड होतात. एका डब्यात मूग, दुसऱ्यात मटकी, तिसऱ्यात हरभरा असं एकाच वेळी ठेवता येतं, ही या भांड्याची खरी सोय. फडक्यात बांधायचं तर तीन पुरचुंड्या आणि तीन खुंट्या लागतात.

जानेवारीत मात्र मुगाला सारखा आंबूस वास यायला लागला. मी डबे गरम पाण्यानं धुतले, छिद्रं ब्रशनं घासली, जागा बदलून पाहिली, तरी तेच. भांड्यालाच नावं ठेवत होते. तेव्हा मामा (सासरे) म्हणाले, "अगं, आधी दाणे मोज." दर मे महिन्यात ते सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासतात. शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि मग किती उगवले ते मोजायचं. 70 च्या वर निघाले तर बियाणं पेरायला धरायचं. आमच्या भागात हे घरोघरी चालतं. स्वयंपाकघरातल्या मुगासाठी मात्र ते करावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

मग ओल्या पंचावर शंभर दाणे किराणा दुकानातल्या मुगाचे लावले आणि शंभर गावाकडच्या. दुसऱ्या दिवशी रात्री मोजले: दुकानातले 61, गावाकडचे 93. न उगवलेल्या 39 दाण्यांकडं मी बराच वेळ बघत बसले. काही गणंग, जसेच्या तसे टणक, पाणी प्यायलेलेच नाहीत. काहींना भुंग्यानं पाडलेलं भोक. आणि बरेचसे फुगून मऊ पडलेले, बोटानं दाबले की पांढरा चिकट गर बाहेर येत होता. वास येत होता तो यांचा. उगवत नाही तो दाणा नुसता पडून राहत नाही, तो कुजतो आणि शेजारच्या चांगल्या दाण्यांनाही नासवतो. भांड्याची काहीच चूक नव्हती.

तेव्हापासून नवीन कडधान्य आणलं की आधी पन्नास दाणे ओल्या फडक्यावर टाकून बघते. पन्नासातले पंचेचाळीस उगवले तर मोडासाठी, नाहीतर वरणाला किंवा भरडून पिठात. गावाकडचा मूग भाद्रपदाच्या आसपास घरी येतो, कडक उन्हात वाळवून कडुलिंबाचा पाला घालून ठेवला की वर्षभर टिकतो. पण तोडणीच्या वेळी पाऊस लागलेला मूग मोडासाठी घेऊ नका. तो शेंगेतच उगवायला लागलेला असतो, दाणा काळपट पडतो आणि नंतर धड फुगत नाही.

गणंग काढायची आत्याबाईंची रीत मला फार आवडते. भिजलेली मटकी त्या थोडी थोडी स्टीलच्या ताटात सोडतात आणि ताट हलवतात. भिजलेला दाणा मुका पडतो, गणंग टणटण वाजतो. कान देऊन ऐकायचं, ताट तिरकं करायचं, गणंग घरंगळत कडेला येतात ते वेचायचे. मटकीत हे सगळ्यात जास्त निघतात, आणि उसळीत राहिले तर दाताखाली खड्यासारखे येतात.

आता भांड्याच्या तक्रारी. छिद्रं हरभऱ्याच्या मापानं पाडली आहेत, मटकीला ती मोठी पडतात. मोड छिद्रांतून खाली उतरतात, डबा धुताना तुटतात आणि तिथंच अडकून काळे होतात. मी आता डब्यात आधी मलमलचा तुकडा अंथरते. खालच्या डब्याचा बूड तळाच्या फार जवळ आहे, त्यामुळं तळात बोटभर पाणी साचलं तरी ते दाण्यांना लागतं. दिवसातून दोनदा तळ रिकामा करावाच लागतो. मधल्या डब्याला पाचव्या महिन्यात चीर गेली. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर आलं नाही. बोअरच्या जड पाण्यानं डब्यांवर पांढरा थर चढतो, तो लिंबाच्या सालीनं निघतो.

एप्रिलातला प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. उदगीरला लग्न होतं. रात्री नऊला मटकी भिजत घातली, सकाळी सहाला निथळून दोन डब्यांत भरली, झाकण लावलं आणि निघालो. संध्याकाळी साडेपाचला परत आलो. दार उघडताच वास आला. झाकण उचललं तर आतून वाफ आली, झाकणाला पाण्याचे थेंब लटकलेले, आणि दाणे एकमेकांना धरून बसलेले. चिमटीत उचलले तर बोटापासून डब्यापर्यंत तार सुटली. तळात गढूळ, फेसाळ पाणी. मोड आले होते, चांगले लांब आले होते, पण अर्धा किलो मटकी सगळी टाकून द्यावी लागली. जनावरालाही घातली नाही.

नंतर विचार केला तेव्हा दोन चुका दिसल्या. उन्हाळ्यात नऊ तास भिजवणं फार होतं, त्या पाण्यातच आंबायला सुरुवात होते. आणि मोड यायची वेळ मी भर दुपारवर आणून ठेवली होती. आता उन्हाळ्यात उलटं करते. सकाळी दहाला भिजत घालायचं, दुपारी एकदा पाणी बदलायचं, चारच्या सुमाराला निथळून फडक्यात सैल बांधायचं आणि माठाशेजारच्या खुंटीला टांगायचं. रात्रीच्या गारव्यात मोड येतात, पहाटे पाचला तयार. फडक्याला चारी बाजूंनी वारं लागतं, ओल उडत राहते आणि आतला दाणा थंड राहतो. माठ गार होतो तसंच. भांड्यात ही सोय नाही, आणि आत्याबाईंनी ऑक्टोबरातच हे विचारलं होतं.

थंडीत उलट अडचण. डिसेंबरात हरभऱ्याला भांड्यात अडीच दिवस लागले. मग कोमट पाण्यात भिजवून, डबा घोंगडीत गुंडाळून ठेवला तर दीड दिवसात काम झालं. तिथं भांड्याचं झाकण उपयोगी पडतं, कारण ऊब आत राहते.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांचा हात अजूनही पाणी ओतताना आखडतो. भांड्याला दिवसातून दोनदा-तीनदा प्रत्येक डबा धुवावा लागतो, तिन्ही मिळून चार-पाच लिटर सहज जातं. फडक्यावर नुसतं शिंपडलं तरी भागतं. धुतलेलं पाणी मी बादलीत धरते आणि कढीपत्त्याला, तुळशीला घालते. पण पाणी वाचवायला म्हणून पहिलं धुणं टाळू नका. भिजवण्याआधी कडधान्य तीन पाण्यांनी चोळून धुवायचंच, मोडाचा निम्मा वास तिथंच जातो.

कुठल्या कडधान्यापासून सुरू करावं? मूग. चुकत नाही. मग मटकी. अख्खा मसूर आणि चवळीही सोपी. हरभऱ्याला बारा तास भिजवणं आणि धीर लागतो. मेथी भांड्यात घालू नका, ती बुळबुळीत होऊन छिद्रं बुजवते. काचेच्या बरणीत दोन चमचे मेथी, तोंडाला मलमल, रबर लावून बरणी तिरकी उलटी ठेवायची. जवस आणि अळीव भिजल्यावर लगद्यासारखे होतात, त्यांचं हे काम नाही. सोयाबीन मी घरचं आहे म्हणून दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा कुजलं. त्याचं साल पातळ असतं, मळणीयंत्रात दाण्याला मार बसतो आणि उगवण लवकर जाते. उगवलं तरी ते कच्चं खायचं नसतं. राजम्याचंही तसंच, मोड आलेला राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला विषारी ठरतो, तो खळखळून उकळूनच खायचा.

दोन गोष्टी आपल्या भागासाठी मुद्दाम. पेरणीतलं उरलेलं बियाणं मोडासाठी कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा वर लाल-गुलाबी रंग असतो, आणि ते धुऊन जात नाही. आणि ज्वारीला मोड आणून तसेच खाऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी चरून जनावर दगावतं ते यामुळंच, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं, पण वाटीत आलं की आपण विसरतो.

कच्चे मोड खावेत का, यावर माझं मत आता पक्कं झालंय: वाफवूनच. मोडाला जी ऊब आणि ओल मानवते तीच जंतूंनाही मानवते, आणि ते दाण्याच्या सालीच्या फटीत आधीपासून असू शकतात. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई-कोलाय पसरला आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर कच्चे मोड नकोच. आमच्याकडं मामांचं वय 74 आहे. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसतंच, मोडात ते तयार होतं आणि शिजवताना थोडं जातं, हे खरं. ताटात वरून लिंबू पिळायचं. मोडामुळं पोटातला गॅस कमी होतो, हा अनुभव मात्र घरात सगळ्यांचा आहे, हरभऱ्याच्या बाबतीत तर फारच. प्रोटीन दुप्पट होतं वगैरे जे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका, दाण्यात जेवढं असतं साधारण तेवढंच राहतं.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते हुलग्यानं. हुलगा बारा-चौदा तास भिजतो, मोड यायला आणखी दीड दिवस घेतो, आणि मोड अगदी तांदळाच्या कणीएवढाच पुरतो, लांब झाला की कडवटपणा येतो. मोडाचा हुलगा कुकरला लावला की त्याचा कट वेगळा काढायचा. त्यात येसर (भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ) आणि लसूण-तिखटाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. राहिलेल्या हुलग्याची उसळ, शेंगदाण्याचं कूट घालून. फेब्रुवारीतल्या थंड रात्री मामांनी कट तिसऱ्यांदा मागितला आणि आत्याबाईंनी मला विचारलं, "फडक्यात बांधला होतास का डब्यात?" डब्यात होता. त्या म्हणाल्या, "थंडीत चालतोय मग."

परवा पहिला मोठा पाऊस झाला आणि हवा दमट झाली. फडकं आता लवकर वाळत नाही, त्याला कुबट वास येतो, रोज उकळत्या पाण्यातून काढावं लागतं. म्हणून दोन-अडीच महिन्यांनी भांडं परत ओट्यावर घेतलंय. चीर गेलेला डबा बाजूला ठेवून दोनच डबे वापरते, आणि खालच्या डब्याखाली आधार ठेवून तो तळापासून दोन बोटं उचलून घेतलाय.